अलिंद, कर्णिका आणि चौक : एका पारिभाषिक शब्दाचा विचार

"शरीरातील अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून ते उजव्या निलयात जाते." शालेय पुस्तकातील हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाठ केले असेल. परीक्षेत त्याला गुणही मिळाले असतील. परंतु अलिंद म्हणजे काय, असे त्या विद्यार्थ्यास विचारले, तर तो "हृदयाचा वरचा कप्पा" एवढेच सांगेल. हा शब्द हृदयात शिरण्यापूर्वी कोठे राहत होता आणि त्यालाच तेथे का बोलावले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विद्यार्थ्याचे सोडा, शास्त्रीय पुस्तकांचे भाषांतर करणाऱ्या आम्हा मंडळींनाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. कोश उघडावा, इंग्रजी शब्दासमोरचा संस्कृत शब्द उचलावा आणि पुढे चालावे, अशी आमची रीत. ती किती महागात पडू शकते, ते या एका शब्दाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

इंग्रजीतील 'ॲट्रियम' हा शब्द मूळचा लॅटिन असून तो घराचा शब्द आहे. प्राचीन रोमन गृहस्थाच्या घरात रस्त्यावरून आत शिरले की एक अरुंद बोळ लागे आणि तो ओलांडताच माणूस एका प्रशस्त दालनात येई. हेच ॲट्रियम. त्याच्या छताला मध्यभागी चौकोनी मोकळीक असे आणि भोवतालची छपरे तिच्याकडे उतरती असत. पावसाचे पाणी त्या मोकळिकीतून खालच्या उथळ कुंडात पडे व तेथून जमिनीखालच्या टाक्यात साठे. उजेड, वारा आणि पाणी या तिन्ही गोष्टी घराला याच मार्गाने मिळत. सकाळी आश्रित मंडळी यजमानास वंदन करण्यासाठी येथेच जमत. घराण्यातील पूर्वजांचे मुखवटेही येथेच कपाटांत जपून ठेवलेले असत. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पाँपेई शहर १७४८ पासून उकरले जाऊ लागले. तेथील घरांत अशी दालने, त्यांच्या मध्यावरील कुंडांसह, आजही पाहावयास मिळतात. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस याने छताच्या रचनेवरून या दालनाचे पाच प्रकार सांगितले आहेत.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र रोमन पंडितांतच एकवाक्यता नव्हती. व्हारो या विद्वानाच्या मते हे दालन रोमनांनी एट्रुस्कन लोकांपासून घेतले आणि त्या लोकांच्या आट्रिया नगरावरून त्याला नाव पडले. सर्व्हियस या टीकाकाराने 'काळा' या अर्थाच्या 'आतेर' या लॅटिन विशेषणाकडे बोट दाखविले. पूर्वी घरातील स्वयंपाक याच ठिकाणी होई, चुलीच्या धुराने तेथील भिंती काळवंडत, म्हणून ते 'काळे दालन', असे त्याचे म्हणणे. अलीकडच्या काही भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध अग्निवाचक प्राचीन धातूशी जोडला आहे. अवेस्तेतील 'आतर्' म्हणजे अग्नी हा शब्द त्याच कुळातला. यांपैकी कोणताही एक पक्ष निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही. तथापि तिन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे. हा शब्द राहत्या घरातून, चुलीच्या आणि अंगणाच्या जवळून निघाला, पंडिताच्या टाकातून नव्हे.

पुढे घरे बदलली आणि शब्दाचा अर्थही सरकला. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत मोठ्या प्रार्थनामंदिरांपुढे खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेले जे अंगण असे, त्यास ॲट्रियम म्हणू लागले. घराच्या गाभ्यात असलेले दालन अशा रीतीने वास्तूच्या पुढ्यात आले. विसाव्या शतकात त्याला आणखी एक जन्म मिळाला. अमेरिकेतील अटलांटा शहरात १९६७ मध्ये उघडलेल्या एका हॉटेलात वास्तुविशारद जॉन पोर्टमन यांनी बावीस मजले उंचीचे एकच अंतर्गत दालन उभारले. वरून प्रकाश घेणाऱ्या अशा उंच दालनांस त्यानंतर जगभर ॲट्रियम हे नाव रूढ झाले. आज आपल्याकडील मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आणि बाजारसंकुलांतही हा शब्द पाटीवर दिसतो. ज्या रुग्णालयाच्या ॲट्रियममध्ये नातेवाईक बसलेले असतात, त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर रुग्णाच्या ॲट्रियमवर उपचार चाललेले असतात!

हा शब्द हृदयात कसा शिरला? येथे आपल्याला दुसऱ्या एका शब्दाची ओळख करून घ्यावी लागते. ग्रीक वैद्यांनी हृदयाच्या वरच्या बाजूस दोन्हीकडे लोंबणाऱ्या, चुणीदार, पिशवीसारख्या भागांस 'कान' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचेच 'ऑरिक्युला', म्हणजे छोटा कान, असे झाले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गेलेन याच्या दृष्टीने हृदयाचे खरे कप्पे दोनच, म्हणजे आज आपण ज्यांना निलय म्हणतो ते. त्यांच्या वरचा भाग म्हणजे हृदयाकडे येणाऱ्या शिरांचे फुगलेले टोक, आणि कान ही त्याला जोडलेली उपांगे. पुढे या वरच्या भागास स्वतंत्र कप्प्याचा मान मिळाला, परंतु नाव मात्र कानाचेच राहिले. विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हे 'कान' आधी आकुंचन पावतात आणि मागाहून निलय, असे त्याने त्यात दाखवून दिले. मरणासन्न प्राण्याच्या हृदयात सर्वांत शेवटी थांबतो तो उजवा 'कान', हेही त्याने नोंदविले. तेथेही शब्द जुनाच होता, ज्ञान मात्र नवे होते.

अशा स्थितीत एकच नाव दोन वस्तूंना लागू झाले. संपूर्ण कप्पाही 'ऑरिकल' आणि त्या कप्प्याला चिकटलेली कानासारखी पिशवीही 'ऑरिकल'. शरीररचनाशास्त्रात असा गोंधळ अन्यत्रही माजला होता. निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे ५०,००० नावे प्रचारात होती. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १८९५ मध्ये बाझेल येथे जी नामावली मंजूर झाली, तिने ती सुमारे ५,००० वर आणली. त्या नामावलीत कप्प्यास 'ॲट्रियम' आणि त्याच्या कानासारख्या पिशवीस 'ऑरिक्युला' अशी वाटणी झाली. परंतु सवय ही नामावलीपेक्षा बलवान असते. टॉमस लुइस या ब्रिटिश हृद्‌रोगतज्ज्ञाने १९०९ मध्ये या कप्प्यांच्या अनियमित कंपाचे वर्णन केले, तेव्हा त्याने 'ऑरिकल' हाच शब्द वापरला, आणि इंग्रजी वैद्यकात तो पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

या ठिकाणी आपल्या देशी भाषांकडे वळू. हिंदी आणि बंगालीने कप्प्यासाठी 'अलिंद' हा शब्द घेतला. तेलुगूत 'कर्णिका', कन्नडमध्ये 'हृत्कर्ण', गुजरातीत 'कर्णक'. म्हणजे देशाच्या एका भागातील मूल हृदयात घराचा भाग पाहते आणि दुसऱ्या भागातील मूल कान पाहते. युरोपात एकामागून एक आलेली दोन नावे आपल्या देशात शेजारी शेजारी नांदत आहेत. मराठीत तर दोन्ही आहेत. जुन्या क्रमिक पुस्तकांत 'कर्णिका' आणि 'जवनिका' अशी जोडी होती; मागाहून 'अलिंद' आणि 'निलय' ही जोडी आली. वडिलांनी शाळेत एक जोडी पाठ केलेली असते, मुलगी दुसरी पाठ करते, आणि घरात अभ्यास घेताना दोघांचे एकमेकांना कळत नाही.

यांपैकी 'जवनिका' शब्दाचा संस्कृतातील अर्थ पडदा. सबंध शरीरात रक्त फेकणाऱ्या, जाड स्नायूंच्या भिंती असलेल्या कप्प्याला पडदा म्हणावे, हे मला कधीच पटले नाही. 'कर्णिका' हा शब्द मात्र सुंदर आहे. संस्कृतात कर्णिका म्हणजे कानातले भूषण आणि कर्णिका म्हणजे कमळाच्या मध्यावरील बीजकोशही. सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा दिलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्दाची शोभा अधिकच वाढते. परंतु शोभा हा पारिभाषिक शब्दाचा पहिला गुण नव्हे. एका शब्दाने एकच वस्तू दाखविली पाहिजे, हा पहिला गुण.

त्याचे महत्त्व मला एका चुकीने शिकविले. ती चूक माझी स्वतःची असल्याने सांगण्यास संकोच नाही. काही वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी लिहिलेली एक माहितीपुस्तिका मी मराठीत करीत होतो. विषय होता अलिंदांच्या अनियमित कंपाचा. या विकारात अलिंदे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरतात. त्यामुळे रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होण्याचा संभव असतो. ज्यांच्या झडपा निर्दोष आहेत अशा रुग्णांत ही गुठळी बहुधा डाव्या बाजूच्या कानासारख्या पिशवीत होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून गुठळी होऊ न देणारी औषधे देतात, आणि ज्यांना ती सोसत नाहीत अशा काही रुग्णांत त्या पिशवीचे तोंड कायमचे बंद करण्याचा उपाय योजतात. माझ्या डोक्यात शाळेतला जुना शब्द घट्ट बसलेला. मी कप्प्यालाही 'कर्णिका' लिहिले आणि पिशवीलाही 'कर्णिका'च लिहिले. त्यामुळे एका पानावर वाक्य असे उतरले की, डाव्या कर्णिकेत फुप्फुसांकडून शुद्ध रक्त येते. आणि पुढच्याच पानावर असे की, आवश्यक वाटल्यास डॉक्टर डावी कर्णिका बंद करतात.

मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : "मग रक्त येणार कोठून?" ते वैद्यकातले नव्हते. परंतु त्यांचे वडील त्याच विकाराने आजारी होते, हे मला मागाहून कळले. ती पुस्तिका तशीच छापली गेली असती, तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाने ती वाचून, हृदयाचा चौथा भाग बुजवून टाकणार या भीतीने, आवश्यक उपचार नाकारला असता. शब्दाची चूक ही अशी कागदावरून माणसाच्या देहापर्यंत पोहोचते. त्या दिवसापासून माझा आग्रह आहे की, कप्प्यास 'अलिंद' म्हणावे आणि 'कर्णिका' हा शब्द कानासारख्या त्या पिशवीसाठीच राखून ठेवावा. दोन्ही शब्द आपल्याजवळ आहेत, दोन वस्तूही आहेत. मग प्रत्येकीला तिचे नाव का देऊ नये?

आता 'अलिंद' या शब्दाची पारख करू. हा शब्दही घराचाच आहे. अमरकोशात तो बाहेरच्या दाराशी असलेल्या कोठडीचा वाचक म्हणून येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, चौसोपी घरांचे प्रकार अलिंदांच्या मांडणीवरून सांगितले आहेत. ज्याच्या चारी बाजूंस अलिंद अखंड फिरते, ते घर सर्वतोभद्र. टीकाकार भट्टोत्पल सांगतो की, शालेच्या भिंतीबाहेर अंगणाकडे तोंड करून जी जाळीची वाट केलेली असते, ती अलिंद. मराठी माणसाला याहून अधिक सांगावयास नको. वाड्यातील चौकाभोवती फिरणारी ओसरी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहील. बंगालीत तर हा शब्द अजून जिवंत आहे. ८ डिसेंबर १९३० रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये तीन तरुण क्रांतिकारकांनी पोलिसांशी जी झुंज दिली, ती तेथे 'अलिंद युद्ध' म्हणून प्रसिद्ध आहे. त्या मुलाला अलिंद म्हणजे व्हरांडा हे इतिहासाच्या तासालाच कळते. जीवशास्त्राच्या तासाला त्याला ते नव्याने शिकावे लागत नाही.

यावरून एक बारीक गोष्ट ध्यानात येईल. रोमन ॲट्रियम आणि आपले अलिंद या दोन वस्तू एक नव्हेत. आकाशाकडे उघडे असलेले, पाऊस पोटात घेणारे रोमन दालन म्हणजे आपल्या वाड्याचा चौक, किंवा केरळातील नालुकेट्टु घराचे नडुमुट्टम. अलिंद म्हणजे त्याच्या कडेची किंवा दाराची जागा. तेव्हा वास्तुशास्त्राच्या पुस्तकात ॲट्रियम आले तर त्याचे भाषांतर 'चौक' किंवा 'अंतर्गत चौक' असेच केले पाहिजे. तेथे 'अलिंद' लिहिणे चूक. आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात 'चौक' लिहिणे चूक. कारण हृदयाच्या त्या कप्प्याला आकाश नाही. ती येणाऱ्या रक्ताने क्षणभर थांबून पुढच्या दाराने आत जाण्याची जागा आहे. दाराजवळची कोठडी हाच अर्थ तेथे अधिक नेमका बसतो. एका परकी शब्दाला सर्वत्र एकच देशी प्रतिशब्द असावा, हा कोशकारांचा नियम सोयीचा आहे खरा. पण वस्तू जेथे दोन आहेत तेथे तो नियम बाजूस ठेवण्याचे धैर्य भाषांतरकाराने दाखविले पाहिजे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, संस्कृत शब्दांचे हे ओझे मुलांवर घालूच नये. 'वरचा कप्पा' म्हटले की काम भागते. लहान वर्गांपुरते हे मला मान्य आहे. परंतु 'वरचा' हा शब्द चित्रापुरताच खरा आहे. माणसाच्या प्रत्यक्ष देहात डावे अलिंद हृदयाच्या पाठीमागच्या बाजूस असते, वर नव्हे. आणि माशाच्या हृदयात तर अलिंद एकच असते. जे नाव स्थानावरून दिले, ते प्राणी बदलताच लटके पडते. जे कार्यावरून दिले ते टिकते. रक्त प्रथम येते ती जागा, ही खूण माशापासून माणसापर्यंत कायम राहते.

दुसरा आक्षेप असा की, डॉक्टर 'ॲट्रियम'च म्हणतात, मग पुस्तकातही तोच शब्द देवनागरीत लिहावा. याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी तो शब्द शेजारी द्यावा, असे माझेही मत आहे. विद्यार्थ्याला पुढे त्या भाषेत शिकावयाचे आहे आणि रुग्णाला त्या भाषेतले कागद वाचावयाचे आहेत. परंतु 'ॲट्रियम' सोपे आणि 'अलिंद' अवघड, हे खरे नव्हे. मराठी मुलाला दोन्ही सारखेच अपरिचित. रोमन मुलाला ॲट्रियम हा शब्द शिकवावा लागत नव्हता, कारण तो तेथे खेळत असे. आपण मात्र शब्द देतो आणि घर देत नाही.

माझ्या मते दोष शब्दात नसून आपल्या देण्यात आहे. शास्त्रीय पुस्तकात अलिंद हा शब्द प्रथम येईल तेथे दोन ओळी अधिक खर्च कराव्यात : अलिंद म्हणजे दाराजवळची ओसरी; बाहेरून आलेला पाहुणा जसा तेथे क्षणभर टेकतो व मग आत जातो, तसे शिरांतून आलेले रक्त या कप्प्यात जमते व झडपेच्या दारातून निलयात जाते. एवढे सांगितले की पुष्कळ गोष्टी आपोआप समजतात. ओसरीच्या भिंती माजघराच्या भिंतींइतक्या भक्कम लागत नाहीत; अलिंदाची भिंत पातळ असते, कारण रक्त शेजारच्या खोलीतच ढकलावयाचे असते. डाव्या निलयाची भिंत कितीतरी पट जाड, कारण तेथून ते पायाच्या बोटापर्यंत पाठवावयाचे असते. दार एकाच बाजूने उघडते, म्हणून रक्त माघारी फिरत नाही. पाठांतराने जे आठ दिवस टिकते, ते या चित्राने आयुष्यभर टिकेल.

जाता जाता एक गंमत नमूद करतो. गर्भाच्या वाढीचा अभ्यास झाल्यावर असे दिसून आले की, उजव्या अलिंदाचा गुळगुळीत भाग मूळच्या शिराकोशापासून बनतो आणि डाव्या अलिंदाचा गुळगुळीत भाग फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांपासून. गर्भातील आद्य अलिंदाचा अवशेष राहतो तो मुख्यतः कानासारख्या त्या खडबडीत पिशवीत. म्हणजे वरचा भाग शिरांचेच फुगलेले टोक आहे, ही जुन्या वैद्यांची समजूत अगदीच निराधार नव्हती. आणि ज्याला आपण उपांग समजतो ती कर्णिका हाच त्या घराचा सर्वांत जुना भाग आहे. शब्दांचा इतिहास वाचताना पूर्वसूरींना हसण्याची घाई करू नये, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

शरीररचनेच्या परिभाषेत अशी घरे पुष्कळ आहेत. मेंदूतील थॅलॅमस म्हणजे ग्रीक घरातील आतली खोली. फॉर्निक्स म्हणजे कमान. कानात तर खिडकीही आहे आणि देवडीही. ज्यांनी प्रथम देह उघडून पाहिला, त्यांना आत जे अनोळखी दिसले त्याला त्यांनी स्वतःच्या घरातली नावे दिली. भीती घालविण्याचा आणि समजून घेण्याचा तो त्यांचा मार्ग होता. आपण त्या नावांची भाषांतरे करतो. परंतु त्यांच्या मागचे घर वाचकाला दाखवीत नाही, तोवर आपले काम अर्धेच झालेले असते. शाळांतील शिक्षकांस आणि ग्रंथालयांत बसून वाचणाऱ्या जिज्ञासूंस माझी विनंती एवढीच की, पुढच्या वेळी असा अवघड शब्द भेटला, तर तो पाठ करण्यापूर्वी त्याला विचारावे : तू पूर्वी कोठे राहत होतास? आणि त्याचे उत्तर पुस्तकात नसेल, तर आम्हा भाषांतरकारांस त्याचा जाब विचारावा.